पाचवीचं जागरण

बाळाच्या जन्माला पाच दिवस झाले की महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत पाचवी पुजली जाते. पाटा-वरवंटा मांडायचा, शेजारी विळा किंवा कोयता, कोरा कागद आणि लेखणी. कुठे पाचव्या रात्री, कुठे सहाव्या, सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं आयुष्य लिहून जाते, अशी श्रद्धा. त्या रात्री घरातल्या बायका जागतात, दिवा विझू देत नाहीत.

जागरणामागची भीती खरी होती. नाळ अस्वच्छ हत्याराने कापली गेली आणि धनुर्वाताचे जंतू शिरले, तर बाळ बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच दूध ओढेनासं होई, अंग ताठ होई, आणि ते हाती लागत नसे. जंतू कुणी पाहिले नव्हते. हे दिवस घातकी आहेत हे मात्र सुईणींना पक्कं ठाऊक होतं.

पण लेख ठरलेलाच असेल, तर जागायचं कशासाठी?

योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला सांगतात की दैव म्हणजे पूर्वी केलेल्या पुरुषार्थाचंच फळ, आणि आजचा जोरकस प्रयत्न त्याला मागे सारू शकतो. मोठ्यांपुरतं हे पटतं. पाच दिवसांच्या जिवाने कसला पुरुषार्थ करायचा? त्याच्या वाट्याचा प्रयत्न दुसऱ्या कुणाला तरी करावा लागतो, आणि तो झाला नाही तर त्या उणिवेला बाळाचं नशीब म्हणणं हा अन्याय आहे.

गडचिरोलीत हा प्रयत्न गावातल्याच बायकांनी केला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात 39 गावांत थोडंफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, ताप पाहत, श्वास मोजत, बाळाला ऊबदार ठेवायला शिकवत. जंतुसंसर्ग दिसला तर आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी ताडून पाहता नवजात बालकांचा मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. सटवाई तीच, कपाळं त्याच मुलुखातली.

मूल गमावलेल्या आईला ‘एवढंच लिहिलं होतं’ या शब्दांचा आधार वाटतो. तिच्यावर येणारा दोष त्याने हलका होतो. तो आधार कुणी काढून घेऊ नये. तेच शब्द बाळाचा श्वास चालू असताना उच्चारले गेले, तर मात्र ते क्रूर आहेत. मग ते आजीने म्हटलेले असोत, नाहीतर एखाद्या सरकारी कचेरीने.

घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचं काम 2011 पासून देशभर आशा सेविकांकडे आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटते. पाचवीची तयारी चालू असलेल्या घरात तिसऱ्या दिवसाची भेट राहून गेली असेल, तर आशाताईंना सकाळीच निरोप धाडावा. पूजा रात्री आहे.