पाहण्याचा अधिकार

फूल तोडूं नये, पाहावें. पक्षी मारूं नये, पाहावा. इतका सोपा नियम पाळला म्हणजे निसर्गाच्या बाबतींत आपलें कर्तव्य संपलें, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत असते. आमचीही होती. दृष्टीला वजन नसतें, ती कोणाला टोंचत नाहीं, तिनें कोणाचें कांहीं उणें होत नाहीं, हा त्या समजुतीचा पाया. आमच्या घरांतील वडील स्त्रियांना मात्र हें मान्य नव्हतें. गोजिरवाण्या मुलाला चारचौघांत नेतांना त्या त्याच्या गालाला काजळाची तीट लावीत. कौतुकाच्या नजरेनेंही अपाय होतो, असें त्यांचें म्हणणें. आम्ही चार बुकें शिकलों आणि त्या तिटेला हसलों. तें हसणें किती घाईचें होतें, हें आम्हांला एका खाडीच्या मुखाशीं, होडींत बसलों असतां, उमगलें.

अलीकडे पक्षिनिरीक्षणाच्या लहान लहान सहली निघत असतात. सहा-सात हौशी माणसें, एक जाणता वाटाड्या, एक होडी, आणि ज्याच्या त्याच्या गळ्यांत दुर्बीण किंवा लांब भिंगाचा कॅमेरा, असा त्यांचा थाट. ठाण्याच्या खाडींत रोहित पाहावयास, गोव्यांत मांडवीच्या पात्रांतील चोडण बेटावर, जुवारीच्या कांदळवनांत, कोकणांतील इतर लहानमोठ्या खाड्यांत अशी मंडळी जात असते. गेल्या हिवाळ्यांत आम्हीही अशाच एका सहलींत सामील झालों. त्या खाडीचें नांव येथें सांगत नाहीं. कां, तें पुढें कळेल.

भरतीची वेळ होती. तिवरांच्या मुळ्या पाण्याखालीं गेल्या होत्या आणि खाडीच्या मुखाशीं वाळूचा एक लहानसा पट्टा तेवढा उघडा राहिला होता. त्यावर चिखल्या, तुतवार, कुरव, सुरय अशा नाना जातींचे शेंकडों पक्षी वाऱ्याकडे तोंड करून दाटीवाटीनें बसले होते. कोणी एका पायावर उभा, कोणाची चोंच पंखांत खुपसलेली. देखावा सुंदर होता. पण आमच्यांतील एका गृहस्थांना तो पुरेसा वाटेना. बसलेल्या थव्यापेक्षां उडणारा थवा छायाचित्रांत अधिक खुलतो. त्यांनीं होडी पट्ट्याला भिडविण्यास सांगितलें. वाटाड्या प्रथम नको म्हणाला. "मग इतके पैसे मोजून आम्ही आलों तें कशासाठीं?" असा प्रश्न आल्यावर तो गप्प झाला. होडी पुढें गेली, थवा उठला. शेंकडों पंख एकदम वळले, पांढरे झाले, पुन्हां करडे झाले. आम्हीं सर्वांनींच कॅमेरे चालविले. थवा फिरून बसला. तो पुन्हां उठविला. तिसऱ्या खेपेस तो समुद्राकडे निघून गेला. तेव्हां म्हातारा नावाडी कोणाकडेही न पाहतां म्हणाला, "सुकती लागापर्यंत तेंका टेकाक दुसरी जागा नाय."

त्या गृहस्थांना दोष देऊन मोकळें होणें सोपें होतें. परंतु त्या दिवशींचें एक छायाचित्र आमच्याही संग्रहीं आहे, आणि तें चांगलें आलें आहे.

नावाड्याच्या वाक्यांत जें होतें, तें थोडें उकलून पाहूं. खाडीच्या पक्ष्यांचा दिवस सूर्यावर चालत नाहीं, पाण्यावर चालतो. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारें साडेबारा तास जातात. ओहोटीला चिखल उघडा पडला म्हणजे किडे, शिंपले, खेकडे वेंचण्याची त्यांची वेळ. मग ती रात्रीची कां असेना. भरतीला ती थाळी पाण्याखालीं जाते, आणि उरलेल्या कोरड्या तुकड्यावर विसावा घेण्यावांचून त्यांना गत्यंतर नसतें. त्यांतील कित्येक सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून, कित्येक हिमालयापलीकडील पठारांवरून आलेले असतात, आणि उन्हाळा लागतांच त्यांना परत जावयाचें असतें. या कुळांतील पक्षी काय करूं शकतात, याचें एकच उदाहरण पुरे. २०२२ सालीं पाणटिवळ्यांच्या जातीच्या एका अवघ्या पांच महिन्यांच्या पक्ष्यानें अलास्कापासून टास्मानियापर्यंत १३,५०० किलोमीटरांहून अधिक अंतर ११ दिवसांत, वाटेंत कोठेंही न उतरतां, तोडलें. त्याच्या अंगावर बसविलेल्या यंत्रानें त्याची नोंद केली. अशा प्रवासाआधीं पक्ष्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग चरबीचा होतो. तीच त्याची शिदोरी. विश्रांतीच्या वेळीं तीन वेळां उठविलेला थवा ही शिदोरी वाटेला लागण्यापूर्वींच खर्च करीत असतो. आम्हांला जें नृत्य वाटलें, तो त्यांचा तोटा होता.

येथें कोणी म्हणेल, पूर्वीं बंदूक होती, आतां कॅमेरा आहे; ही प्रगति नव्हे काय? निःसंशय आहे. डॉ. सलीम अली यांची पक्षिविद्या बालपणीं मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झाली. ती ओळखण्यासाठीं १९०८ सालीं ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्या काळीं पक्षी हातीं घेऊन तपासल्यावांचून त्याची खात्रीलायक ओळख पटत नसे. आज ती गरज बहुतांशीं उरलेली नाहीं. पण हत्यार बदललें म्हणजे वृत्ति बदलली, असें होत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीची व्याख्या करतांना केवळ मारणें सांगितलेलें नाहीं; वन्य प्राण्याला हांकणें, त्याला आमिष दाखविणें, पक्ष्याच्या घरट्यास किंवा अंड्यांस उपद्रव देणें, यांचाही शिकारींत समावेश केला आहे. छायाचित्र नीट यावें म्हणून घरट्यावरील पानें बाजूला सारणारा, पिलांना उन्हांत आणि कावळ्यांच्या नजरेंत उघडें टाकणारा मनुष्य स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवितो. कायदा त्याला दुसरें नांव देतो. ध्वनिमुद्रित साद ऐकवून पक्ष्याला झुडपांतून बाहेर काढणें हेंही याच जातीचें कृत्य आहे. आपल्या हद्दींत प्रतिस्पर्धी शिरला, या समजुतीनें तो बिचारा घरदार सोडून धांवत येतो, आणि आपण म्हणतों, काय छान दर्शन दिलें!

क्रौंचवधाची कथा आपण सर्व जाणतों. तमसेच्या तीरावर त्या दिवशीं ऋषि आणि निषाद या दोघांचीही दृष्टि त्याच जोडप्यावर होती. भेद डोळ्यांत नव्हता. पक्ष्यापासून आपल्याला काय हवें, यांत होता. निषादाला त्याचें मांस हवें होतें. निदान पोट हें कारण त्याच्यापाशीं होतें. ऋषीला कांहींच नको होतें. होडींत बसलेले आम्ही कोणाच्या बाजूचे? आम्हांला पक्ष्याचें मांस नको होतें. पण त्याचें उड्डाण हवें होतें, आणि तेंही आमच्या वेळेला, आमच्या उजेडांत. ज्याला पक्ष्याकडून कांहीं वसूल करावयाचें आहे, तो ऋषीच्या शेजारीं कसा बसणार?

यावर एक आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. माणसें पक्ष्यांपाशीं गेलींच नाहींत तर त्यांना पक्ष्यांविषयीं ममता कोठून वाटणार? आणि ममता नसेल तर खाडीवर भराव पडतांना, तिवरें तुटतांना हूं कीं चूं कोण करणार? ठाण्याची खाडी २०१५ सालीं अभयारण्य झाली आणि २०२२ सालीं रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादींत आली. त्यामागें पाहणाऱ्यांच्या प्रेमाचा कांहींच वाटा नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. शिवाय नावाड्याचें आणि वाटाड्याचें पोट या सहलींवर आहे. म्हणून आम्ही असें म्हणत नाहीं कीं जाऊं नये. जावें, पण आपण पैसे कशाचे देतों, तें आधीं नीट समजून घ्यावें. होडीचें भाडें आपण देतों, नावाड्याच्या श्रमाचें मोल देतों, वाटाड्याच्या ज्ञानाची दक्षिणा देतों. पक्ष्याच्या दर्शनाचे पैसे आपण देत नाहीं. कारण ते घेणारा तेथें कोणीच नसतो. जें विकलें गेलेलें नाहीं, तें हक्कानें मागणें ही फसवणूक नसली तरी दांडगाई खास आहे.

आणि ही दांडगाई पक्ष्यापुरती थांबत नाहीं. आमच्या वाटाड्याला योग्य काय तें कळत होतें. तो प्रथम नाहींच म्हणाला होता. त्याचा नकार आमच्या पैशानें मोडला. ज्याची चूल आपल्या खिशावर पेटते, त्याच्याकडून निर्भीड नकाराची अपेक्षा धरणें आणि तो न मिळाल्यास त्याला कमकुवत म्हणणें, हें आमच्या मतें सर्वांत हलकें वर्तन होय. ज्याला नकाराची कांहींच किंमत पडत नाहीं, त्यानें तो आधीं उच्चारला पाहिजे. होडींतील सहांपैकीं कोणीही एक जण "नको, इथूनच पाहूं" म्हणाला असता तर वाटाड्याची लाज राहिली असती. लहान मंडळीचा खरा गुण आम्हांला येथें दिसतो. गलका कमी होतो, हा एक फायदा झालाच. पण गर्दींत दोष वांटला जाऊन नाहींसा होतो, तसा तो सहा जणांत होत नाहीं. प्रत्येकाच्या वांट्याला ओळखूं येईल एवढा तुकडा येतोच. मात्र एकामागून एक दहा होड्या त्याच पट्ट्याशीं गेल्या, तर प्रत्येक होडी लहान असूनही पक्ष्याच्या दृष्टीनें ती गर्दीच. खाडीचें नांव आम्हीं गाळलें, तें याच कारणास्तव.

यंदा आम्ही पुन्हां तेथें गेलों. नावाडी तोच होता. भरतीच्या वेळीं होडी दूर, तिवरांच्या कडेला लावावयास आम्हीं सांगितलें. त्यानें एकवार आमच्याकडे पाहिलें आणि वल्हें आडवें ठेवलें. वाळूच्या पट्ट्यावरील पक्षी तेथून करड्या रेघेसारखे दिसत होते. छायाचित्र येण्यासारखें कांहींच नव्हतें. तास-दीड तास आम्ही बसून राहिलों. त्या वेळांत घरच्या तिटेची आठवण झाली. मुलाच्या गालावरील तो काळा ठिपका मुलासाठीं असे, तसा पाहणाऱ्यासाठींही असावा. बरें दिसलें, आतां नजर काढून घे, असें त्याला सांगण्यासाठीं. पक्ष्यांना तीट लावणारें कोणी नाहीं. ती ज्याची त्यानें आपल्याच नजरेला लावून घ्यावयाची आहे.

मग सुकती लागली. पाणी हळूहळू उतरूं लागलें, चिखल ओलसर चमकूं लागला, आणि तीं इवलालीं पाखरें वाळूवरून खालीं येऊन, पाण्याच्या कडेनें टिपत टिपत, आपल्या पायांनीं आमच्या होडीच्या बाजूला चालत येऊं लागलीं. नावाडी हलक्या आवाजांत म्हणाला, "आतां हलां नकात." कोणी हललें नाहीं.