खोटी नोंद कोणाची?

वाणिज्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून हिशेबनीतीवर निबंध मागवावे व उत्तम निबंधास बक्षीस द्यावें, अशी चाल अनेक देशांत पडली आहे. प्रश्न बहुधा एकाच जातीचा असतो: वरिष्ठानें खोटी नोंद करण्यास सांगितलें, तर हाताखालच्या मनुष्यानें काय करावें? विद्यार्थी लिहितात कीं, त्यानें साफ नकार द्यावा. उत्तर बरोबर आहे. तें भरल्या पोटीं, मेजाशीं बसून लिहिलें म्हणून खोटें ठरत नाहीं. तथापि ह्या प्रश्नांत एक गोष्ट विचारावयाची राहून जाते, आणि आमच्या मतें सारें ओझें तिच्यावरच आहे. ती कोणती, हें कळावें म्हणून आम्ही वाचकांस अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानांतल्या क्लिंटन ह्या लहान शहरीं नेतों.

तेथें वर्ल्डकॉम नांवाच्या टेलिफोन कंपनीचें मुख्य ठाणें होतें. तिचे मुख्य बर्नार्ड एबर्स हे आपल्या बाप्तिस्त मंडळींत शब्बाथशाळेचा वर्ग शिकवीत असत, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कंपनी दूरदूरचीं संभाषणें पोहोंचवी. पण त्यासाठीं दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापराव्या लागत व त्यांचें भाडें द्यावें लागे. सन २००० मध्यें प्राप्ति मंदावली, भाडें मात्र चालूच राहिलें. त्या वर्षाच्या आक्टोबरांत हिशेबखात्यांतील मधल्या दर्जाच्या एका बाईंस सांगण्यांत आलें कीं, भाड्याचीं देणीं भागविण्यासाठीं वहींत जी तरतूद राखून ठेविली आहे, तींतून ब्याऐंशी कोटी ऐंशी लाख डॉलर काढून खर्च तितका कमी दाखवावा. बाईंस धक्का बसला. तरी त्यांनीं नोंद केली, आणि मग मन खाऊं लागलें म्हणून त्यांनीं व एका सोबत्यानें राजीनामे लिहून काढले. तेव्हां अर्थखात्याचे मुख्य स्कॉट सलिव्हन ह्यांनीं त्यांस बोलावून दृष्टांत दिला: विमानें आकाशांत आहेत, तेवढीं खालीं उतरूं द्या, मग खुशाल जा. राजीनामे कागदावरच राहिले. बाईंच्या पगारावर घराचा मोठा भार होता. आणि त्या देशांत आजारपणाचा विमाही बहुतेकांस नोकरीबरोबर मिळतो व नोकरीबरोबर जातो.

पुढें राखीव तरतूद पुरेना, तेव्हां दुसरी युक्ति निघाली. ती आमच्या शेतकरी बंधूंस अशी समजेल. एखाद्यानें शेजाऱ्याची बैलजोडी भाड्यानें आणून नांगरट केली, आणि वहींत मात्र तो पैसा बैल विकत घेण्यास लागला असें लिहिलें. पैसा गेला तो गेलाच. पण वही वाचणारास वाटावें कीं, ह्याच्या गोठ्यांत नवी जोडी उभी आहे. सावकार त्या गोठ्याकडे पाहून आणखी कर्ज देतो, आणि गोठा तर रिकामा! सन २००१ च्या पहिल्या तीन महिन्यांतच ह्या रीतीनें सत्त्याहत्तर कोटी दहा लाख डॉलरांचें भाडें मालमत्ता होऊन बसलें. बाईंची झोप उडाली, वजन उतरलें. नोंद मात्र दर तिमाहीस होत गेली.

अखेर कंपनीच्याच तपासनीस सिंथिया कूपर ह्यांनीं दोन सहकाऱ्यांसह, कधीं कधीं रात्रीं बसून, हें सारें उकललें व संचालकांच्या तपासणी समितीपुढें मांडलें. ता. २५ जून २००२ रोजीं तीनशें ऐंशी कोटी डॉलरांची खोटी नोंद जाहीर झाली; पुढें आंकडा सुमारें अकराशें कोटींवर गेला. महिन्याच्या आंत कंपनीनें दिवाळें काढलें, आणि ज्यांनीं वहीस कधीं हातही लावला नव्हता अशा सहस्रावधि लोकांची भाकर गेली. बातमी फुटल्यावर एबर्स ह्यांनीं उपासनेस जमलेल्या लोकांस सांगितलें कीं, तुमच्या मंडळींत कोणी लबाड बसलेला नाहीं. सन २००५ मध्यें त्यांस पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. त्या बाईंनीं गुन्हा कबूल केला व साक्ष दिली; त्यांस पांच महिने तुरुंग व पांच महिने घरांत स्थानबद्धता मिळाली.

आतां नोंद कोणाची म्हणावी? हुकूम करणाराची तर आहेच. परंतु लिहिणाराचा हात निराळा काढतां येत नाहीं, असेंच न्यायालयानें धरलें व आम्हांसही तें योग्य वाटतें. मात्र आमचें लक्ष दुसरीकडे वेधतें. आक्टोबरांत नकाराची किंमत एक नोकरी एवढीच होती. पुढल्या उन्हाळ्यापर्यंत स्वतःच्या अक्षराचा पुरावा वहींत जमला, आणि खरें बोलणें म्हणजे स्वतःवर फिर्याद करणें होऊन बसलें. खऱ्याची किंमत सावकाराच्या व्याजासारखी दर तिमाहीस चढत जाते. आपल्या देशांत हैदराबादच्या सत्यम कंपनीचे मुख्य रामलिंग राजू ह्यांनीं जानेवारी २००९ मध्यें जें कबुलीपत्र लिहिलें, त्यांतही हेंच होतें: आरंभीं फरक लहान होता, पुढें वाघावर बसल्याप्रमाणें झालें, उतरावें तर तोच खाईल.

म्हणून निबंधाच्या परीक्षकांस आमची विनंति आहे कीं, विद्यार्थ्यास केवळ 'काय करावें' हें विचारूं नये. नकार देतां यावा म्हणून तूं घरीं किती महिन्यांचा खर्च शिल्लक ठेवशील? कर्ज काढून घर बांधशील, तर कितीचें? ज्या रात्रीं तुला बोलावणें येईल, त्या रात्रीं कोणाच्या दारीं जाशील? हें विचारावें. कूपर धैर्याच्या होत्या खऱ्या. पण त्या एकट्या नव्हत्या, आणि वर जाण्यास त्यांस एक नेमलेली वाट होती. त्या बाईंजवळ मोडलेल्या मनाखेरीज कांहीं नव्हतें. पौलानें यरुशलेमेकडे वर्गणी पाठवितांना तीबरोबर दुसरे विश्वासू बंधु दिले. तो स्वतःस अप्रामाणिक समजत होता म्हणून नव्हे, तर कोणी बोट दाखवूं नये म्हणून. हिशेबशास्त्राच्या मोठ्या ग्रंथांतही ह्यापेक्षां फार निराळें आम्हांस सांपडलें नाहीं.

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत सलिव्हनसारखा अधिकारी नसतो, हें खरें. तेथें गरज हीच वरिष्ठ असते. दानाच्या पेटीची किल्ली शिक्षकापाशीं, हंगामाच्या सणाचें धान्य विकलेले पैसेही त्याच्यापाशीं. मूल तापानें फणफणलें आहे. शनिवारपर्यंत पन्नास रुपये घेतले तर कोण विचारतो? वेळ एवढीच. अशा शिक्षकास दोषी ठरविण्यास पंच एका दिवसांत जमतात, हें आम्हीं पाहिलें आहे. पैसे दोघांनीं मोजावे, हिशेब दर महिन्यास उपासनेनंतर मोठ्यानें वाचावा, ह्या सूचना आम्ही पूर्वींही केल्या आहेत व पुनः करितों. परंतु ज्या मंडळीनें शिक्षकाचा पगार तीन महिने थकविला आणि किल्ली मात्र त्याच्याच कमरेस ठेविली, त्या मंडळीच्या पंचांनीं त्याची वही उघडण्यापूर्वीं स्वतःची वही उघडली होती काय?