घर न सोडता

१८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी या पारशी विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला आणि प्रकरण थेट कोर्टात गेलं. कुठे राहायचं ते मुलानेच ठरवावं, असा निकाल लागला. शाळेतले पारशी विद्यार्थी भराभर निघून गेले. चार वर्षांनी नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद अजाण म्हणून कोर्टाने बापाच्या हवाली केला, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. शिकणाऱ्या पोराची श्रद्धा म्हणजे तेव्हा एकच सवाल: घर सोडणार का?

जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेतले तरुण ख्रिस्त्याच्या हातचा पाव खात, पण गुपचूप. त्याच सभेतल्या बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेऊन लपवाछपवी संपवली. मला मात्र मागे राहिलेल्यांचा राग येत नाही. लग्न, वारसा, अंत्यविधी सगळंच जातीच्या हाती असताना विशीतल्या मुलाने किती धाडस करावं?

कवी ना. वा. टिळकांनी हा सवालच फिरवला. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाईंपासूनची ताटातूट त्यांनाही चुकली नाही. पण अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडलं नाही. उलट ते येशूच्या पायाशी नेऊन ठेवलं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांसाठी. मिशनमध्ये हे सगळ्यांना रुचणं शक्यच नव्हतं.

पुढचं पाऊल गिरणगावाच्या वेशीवर पडलं. १९२७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्यात ‘नेबरहूड हाऊस’ काढलं. तिथे येणाऱ्याचा धर्म विचारायचा नाही, काम करायचं. १९३६ मध्ये तिथूनच टाटांची समाजकार्याची शाळा, म्हणजे आजची ‘टिस’, सुरू झाली. श्रद्धा किती बाप्तिस्म्यांनी मोजायची, यापेक्षा शेजाऱ्याच्या उपयोगी किती पडते, हे महत्त्वाचं ठरलं. इकडे डिलाईल रोड आज ज्यांचं नाव मिरवतो त्या ना. म. जोशींनी १९११ मध्येच सोशल सर्व्हिस लीग काढली होती. वेगळ्या वाटेने येऊन दोघेही कामगाराच्या दाराशीच पोचले.

आता याच रस्त्यावर, बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेला ख्रिस्ती मुलगा कॉलेजात जातो तेव्हा त्याला कोणी घराबाहेर काढत नाही. त्याच्यापुढचे पेच बारीक असतात. रविवारची उपासना आणि रविवारचीच सराव परीक्षा. पोरं गणपतीच्या मंडपात बांबू बांधायला हाक मारतात. तो जातो, गाठी आवळतो, वर चढून दिवेही लावतो, आणि मग हातावर मोदक ठेवला जातो. पौलाने करिंथकरांना लिहिलं ते नेमकं याविषयीच: मूर्तीपुढचं अन्न. मूर्तीत काही नाही, पण भावाचं मन दुखावू नका, असा त्याचा कल. कोणी मोदक खातो, कोणी बहिणीसाठी म्हणून रुमालात बांधतो. दोघांचीही मंडपातल्या पोरांशी मैत्री टिकते.

खरा पेच प्रवेशअर्जातल्या जातीच्या रकान्याचा. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर. महाराष्ट्रात दलित ख्रिस्तींना ओबीसीची सवलत मिळते, पण दोघांचे पणजोबा एकाच गावकुसाबाहेरून आलेले असले तरी शेजारचा बौद्ध मित्र अनुसूचित जातीत आणि हा नाही. म्हणून काही घरं कागदावर जुनाच धर्म ठेवतात आणि रविवारी चर्चला जातात. त्यांना ढोंगी म्हणणाऱ्यांनी परमहंस सभेच्या बंद दाराकडे एकदा पाहावं. तिथे जातीचा धाक होता, इथे सरकारी आदेशाचा आहे.

ख्रिस्तींना असं बाहेर ठेवण्यावर २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका आहे. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बाळकृष्णन यांचा आयोगही नेमला गेला. फॉर्म मात्र दर वर्षी भरावाच लागतो.