कूर्मदृष्टी

लहानपणी आमच्या काचीगुड्याच्या घरी चातुर्मासात पोथी चालत असे. पोथी सांगणारे वृद्ध गृहस्थ मूळचे परभणीकडचे. त्यांच्या निरूपणात एक दृष्टान्त हमखास येई. गाय वासराला पान्हा देते, पक्षीण पिलांना चोचीने भरवते. कासवीजवळ मात्र यांपैकी काहीच नाही. ती पैलतीरावरून पिलांकडे नुसती पाहते आणि त्या पाहण्यानेच पिले पोसली जातात. संतवाङ्मयात ही कासवी पुष्कळ ठिकाणी भेटते. ईश्वराची कृपा अशी असते, गुरूची माया अशी असते, असे तिच्यावरून सांगितलेले आपण सर्वांनी ऐकले आहे. स्पर्श नाही, देणे नाही, केवळ दृष्टी.

त्याच घरात आमची आजी तान्ह्या मुलांच्या गालाला काजळाचा ठिपका लावी आणि तिन्हीसांजेला मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढी. म्हणजे एका खोलीत दृष्टीने जीव पोसला जात होता आणि दुसऱ्या खोलीत दृष्टीनेच बाधत होता. या दोन्ही समजुती एका छपराखाली सुखाने नांदत होत्या. त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल, हा विचार माझ्या मनात वयाची साठी उलटेपर्यंत आला नाही. तो आला एका खऱ्याखुऱ्या कासवामुळे. ती हकीकत सांगण्यासारखी आहे. तीत माझा मोठेपणा मुळीच नाही.

आम्ही हैदराबादची मराठी माणसे तशी समुद्राला पारखीच. हुसेनसागराला सागर म्हणत लहानाचे मोठे झालो. आजोबा निजामाच्या अमदानीत नोकरीनिमित्त येथे आले. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत मराठवाडा वेगळा झाला, आणि आम्ही येथेच राहिलो. समुद्राची माझी ओळख झाली ती सरकारी नोकरीत, संयुक्त आंध्र प्रदेशाच्या किनारपट्टीवरील जिल्ह्यांत बदल्या होऊ लागल्यावर. श्रीकाकुळम् जिल्ह्यातील श्रीकूर्मम् येथे विष्णूच्या कूर्मावताराचे प्राचीन मंदिर आहे; तेथे मी अनेकदा दर्शन घेतले. पण मंदिरातला कूर्म निराळा आणि समुद्रातले कासव निराळे, हे कळायला २०१९ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी मार्चमध्ये आम्ही उभयता कोकणात वेळासला गेलो होतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील हे गाव नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून आपल्याला ठाऊक असते. अलीकडे ते कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि परत जातात. एके काळी ही अंडी माणसे उकरून नेत; उरलेली कुत्री-कोल्ही खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचे काम सुरू केले. अंडी कुंपणाच्या आत, त्याच खोलीवर पुन्हा पुरायची. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिले वर आली की त्यांना पाण्याच्या दिशेने सोडायचे. पुढे तेथे कासव महोत्सव सुरू झाला. पाहायला येणारे लोक गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, घावन आणि सोलकढी खातात. अंडी विकून एकदाच पैसा मिळे; ती राखली तर दर वर्षी मिळतो, हे गावाला उमगले.

त्या पहाटे किनाऱ्यावर दोरी बांधलेली होती. दोरीच्या अलीकडे आम्ही शे-दीडशे माणसे. टोपली उचलली, खाली पिले नव्हती. दुसरी उचलली, नव्हती. संध्याकाळी पुन्हा तेच. एक गृहस्थ चिडून म्हणाले, ‘आम्ही पुण्याहून इतक्या लांब आलो ते काय नुसती वाळू बघायला?’ कुंपणाजवळचा गावकरी शांतपणे म्हणाला, ‘साहेब, पिल्लं काही आमच्याकडं पगारावर नाहीत.’ मी मोठ्याने हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मूठभर आकाराची सतरा पिले वाळूवरून वल्हवत पाण्याकडे गेली, आणि तेथेच त्या कार्यकर्त्याने एक गोष्ट सांगितली. मादी अंडी घालून जी जाते ती जाते. ती पिलांकडे कधी वळून पाहत नाही; पिलांना आई ठाऊकच नसते.

म्हणजे पोथीतली कासवी प्राणिशास्त्राच्या दृष्टीने खोटीच. मला थोडे वाईट वाटले. पण दोरीमागे उभ्या असलेल्या आम्हां शे-दीडशे माणसांकडे पाहून असेही वाटले की, येथे पिले पोसली जात आहेत ती पाहण्यानेच. आई पाहत नसेल. आम्ही पाहतो आणि आम्ही पाहतो म्हणून गाव राखतो. या समाधानात मी हैदराबादला परतलो आणि चार ठिकाणी ते बोलूनही दाखवले.

नंतरची गोष्ट गेल्या वर्षीच्या जानेवारीतली. मुलाने सर्वांना लक्षद्वीपला नेले. हैदराबादहून कोची, तेथून लहान विमानाने अगत्ती. परवान्याचे सोपस्कार मुलानेच केले. बेट अगदी चिंचोळे; विमान उतरताना दोन्ही खिडक्यांतून पाणीच दिसते. पश्चिमेला प्रवाळाच्या बांधाने अडवलेले उथळ, हिरवट निळे सरोवर आहे आणि त्यात समुद्रगवत चरणारी हिरवी कासवे. तेथे किनाऱ्यावरून चालतच पाण्यात उतरता येते. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात वाकडी श्वासनळी, अंगात फुगीर जाकीट. याला स्नॉर्केलिंग म्हणतात. मी बावडीत पोहायला शिकलेला माणूस. पाण्याचे भय नव्हते. आमचा वाटाड्या पंचविशीतला तरुण होता. त्याने मोडक्या हिंदीत तीन गोष्टी सांगितल्या: प्रवाळावर पाय द्यायचा नाही, कासवाला हात लावायचा नाही, आणि त्याच्या डोक्यावर थांबायचे नाही. पहिल्या दोन मला तत्काळ पटल्या. तिसरी मी ऐकली, पण तिचा अर्थ लावला नाही.

पाण्यात तोंड घातले आणि जग पालटले. पुरुषभर खोलीवर हातभराहून मोठी पाठ असलेले एक कासव गवत चरत होते. गाय चरावी तसे, मान हलवत, तोडत. पाठीवर उन्हाची जाळी हलत होती. मी त्याच्या वर तरंगत राहिलो. जाकीट घातलेल्या माणसाला खाली जाता येत नाही. तो पाण्यावर झाकणासारखा पसरतो. मी हात पाठीमागे बांधून घेतले होते, स्पर्श चुकूनही होऊ नये म्हणून. स्वतःच्या संयमाचे मला कौतुक वाटत होते. कासव थोडे वर आले, पुन्हा खाली गेले. बाजूला सरकले, मीही सरकलो. पुन्हा वर आले. मला वाटले, त्यालाही माझ्याविषयी कुतूहल आहे. तोच माझे मनगट जोरात ओढले गेले. वाटाड्याने मला दोन वाव लांब नेले. कासव त्याच क्षणी सरळ वर गेले, डोके पाण्याबाहेर काढले, आणि ओढलेल्या श्वासाचा आवाज मला ऐकू आला.

कासवाला फुप्फुसे असतात. विसावलेले कासव तासन्‌तास पाण्याखाली राहू शकते. पण चरणाऱ्या, हालचाल करणाऱ्या कासवाला थोड्या थोड्या वेळाने वर यावेच लागते. मी त्याच्या आणि हवेच्या मध्ये पसरलेलो होतो. वाटाडा रागावला नाही. इतकेच म्हणाला, ‘अंकल, उसका रास्ता था.’

आणखी एक गोष्ट मला त्याच दिवशी कळली. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. कासव सर्व बाजूंनी अंगे आवरून घेते तसा तो इंद्रिये आवरतो. आपल्याकडे देवळात देवासमोर दगडी कासव असते, त्याचाही हाच अर्थ सांगतात. परंतु समुद्रातल्या कासवाला अंगे आवरताच येत नाहीत. त्याचे डोके आणि वल्ह्यांसारखे पाय कवचात जात नाहीत. जमिनीवरच्या कासवाकडे टक लावून पाहिले तर ते निदान आत जाऊन बसेल. याला ती सोय नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘मी हात लावला नाही’ हे वाक्य मनात पुन्हा पुन्हा येत होते, आणि ते ओळखीचे वाटत होते. पहाटे आठवले. नोकरीत किनाऱ्यालगतच्या एका जिल्ह्यात असताना कोळ्यांच्या वस्तीचा एक अर्ज माझ्यापुढे चौकशीला आला होता. एका प्रकल्पाने आपल्या जमिनीला कुंपण घातले होते आणि वस्तीची समुद्राकडे जाणारी पायवाट त्या कुंपणात गेली होती. मी स्वतः पाहणी केली. एकही घर हलवलेले नव्हते. कोणाच्या पट्ट्याची जमीन घेतलेली नव्हती. पायवाट गावनकाशावर नव्हती. मी शेरा लिहिला तो असा की, अर्जदारांच्या कोणत्याही नोंदलेल्या हक्कास बाधा पोहोचलेली नाही. तो शेरा नियमाला धरून होता. आजही मला त्यात चूक दाखवता येणार नाही. त्या वस्तीतल्या बायका मासळीची टोपली डोक्यावर घेऊन वळसा घालून दोन मैल चालू लागल्या, हे मला पुढे जीपमधून जाताना दिसे. ती तुलना ताणलेली आहे, असे कोणी म्हणेल. असेल. कासव आणि कोळीण सारखी नव्हेत. पण दोन्ही वेळी मी कोणाला धक्का न लावता वाट अडवली, आणि दोन्ही वेळी स्वतःवर खूश होतो.

मग पाहण्याने पोसले जाते की बाधते? आपली भाषा या बाबतीत मोठी स्पष्टवक्ती आहे. आपण दर्शन ‘घेतो’, फोटो ‘काढतो’, एखादे दृश्य डोळ्यांत ‘साठवतो’. जणू काही समोरच्याचे थोडे उचलून आणतो. देवाच्या बाबतीत हे खपून जाते, कारण त्याचे काही कमी होत नाही. शिवाय गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर पुजारी आपल्याला थोपवतो आणि मागची रांग आपल्याला पुढे ढकलते. समुद्रात रांग नसते. मनगट धरणारा एक वाटाडा असतो, आणि त्याचे पोट आमच्या समाधानावर चालते. आम्हांला ओढून दूर नेणे त्याच्या फायद्याचे नव्हते, तरी त्याने ते केले.

यावर काही मित्र म्हणतात, जाऊच नये हे उत्तम. मला हे पटत नाही. कोणीच गेले नसते तर वेळासची अंडी आजही बाजारात गेली असती. पण वेळासचा हिशेब सगळीकडे लागू पडतो असेही नाही. अगत्तीचे कोळी या कासवांवर खूश नाहीत. पूर्वी बेटांवर कासवाची चरबी होड्यांच्या लाकडाला लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते थांबले. कासवे वाढली, समुद्रगवताची कुरणे त्यांनी चरून विरळ केली आणि त्या गवतात वाढणारी मासळी घटली, ही कोळ्यांची तक्रार आहे. तिच्यात तथ्य आहे, हे अभ्यासकांनीही नोंदवले आहे. ज्या कासवासाठी मी तेथवर उडत गेलो, त्याच्या चरण्याची किंमत माझ्या जेवणातल्या माशाने नव्हे, तर कोण्या कोळ्याच्या जाळ्याने दिली होती. हे मी कासवाच्या वर तरंगत असताना मला कसे दिसणार? डोळ्यांवरची काच फक्त खालचे दाखवते.

पोथीतली कासवी पैलतीरावर असे. बालपणी मला वाटे, ही तिची असाहाय्यता आहे. नदी आडवी म्हणून बिचारी लांबून पाहते. आता वाटते, दृष्टान्त रचणाऱ्याने ते अंतर विचारपूर्वक ठेवले असावे. वेळासची दोरी म्हणजे तेच अंतर. आजीच्या काजळाचा ठिपकाही बहुधा तेच करीत असावा: पाहणाऱ्याची नजर मुलावर पुरती बसू नये, थोडी ठिपक्यावर अडावी.

दुसऱ्या दिवशी मुलगा, सून आणि नात पुन्हा पाण्यात गेली. मी गेलो नाही. याला प्रायश्चित्त म्हणण्याचे कारण नाही. गुडघा दुखत होता, हेही खरे. मी घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभा होतो. तासाभराने बऱ्याच अंतरावर नारळाएवढे काळसर काहीतरी वर आले, क्षणभर थांबले आणि बुडाले. श्वासाचा आवाज तिथवर पोहोचला नाही.

नात ओली होऊन आली. म्हणाली, ‘आजोबा, आम्हांला आज एकही नाही दिसलं. तुम्हांला?’

‘डोकं दिसलं,’ मी म्हणालो.

‘एवढंच?’

‘एवढंच.’