नुनाविकची आई

लहानपणी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गावात मलेरियावाले यायचे. आई लगबगीने पिठाचे डबे आणि पाण्याचे हंडे अंगणात नेऊन ठेवायची, धाकट्याला कडेवर घेऊन आम्हाला बाहेर हाकलायची. फवारा सुकला की शेणामातीच्या भिंतीवर पांढुरका थर उरायचा. ‘इतक्यात सारवू नका, औषध जाईल,’ असं ते लोक बजावून जात. गावात हिवतापाने गेलेली माणसं आईने पाहिली होती. तिच्या लेखी तो थर औषधच होता आणि तिचं चुकत नव्हतं. त्या थरातल्या डीडीटीने या देशात असंख्य जीव वाचवले.

त्याच डीडीटीचे अंश अंटार्क्टिकातल्या ॲडेली पेंग्विनच्या शरीरात सापडल्याचं १९६६ साली प्रसिद्ध झालं. ज्या खंडावर ना शेत, ना डास, तिथे हे पोचलं कसं?

डीडीटीसारखी रसायनं ऊन तापलं की जमिनीवरून, पानांवरून, भिंतीवरून वाफेसारखी उठतात, वाऱ्याबरोबर जातात, गारवा लागला की खाली बसतात. पुन्हा ऊन, पुन्हा उड्डाण. शास्त्रज्ञांनी याला नाकतोड्याच्या उडीची उपमा दिली आहे. उड्या मारत ध्रुवाजवळ पोचलं की मात्र पुढे उठायला पुरेशी ऊब नसते. हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, त्यामुळे विघटनही अगदी सावकाश. बर्फाचा भुसभुशीत कण पडता पडता हवेतलं रसायन टिपून घेतो. धुकंही टिपतं. १९९३ साली बेरिंग आणि चुकची समुद्रांवर गेलेल्या संशोधकांना हवेत, बर्फात, पाण्यात आणि धुक्यात त्या काळी शेतात सर्रास वापरली जाणारी कीटकनाशकं सापडली. त्यांत क्लोरपायरीफॉस होतं. वाळवीसाठी ते आपल्याकडे गावोगाव वापरलं गेलं आहे. नाव ऐकलं नाही असा शेतकरी विरळा.

वसंतात बर्फ वितळतो आणि हिवाळाभर साठलेलं एकदम पाण्यात उतरतं. नेमका तेव्हाच तिथल्या समुद्रात जीवांचा बहर असतो. सूक्ष्म जीवांतून माशात, माशातून सीलमध्ये, सीलमधून अस्वलात. पाण्यात नीट न विरघळणारं आणि चरबीत मुरणारं डीडीटीसारखं रसायन प्रत्येक घासाबरोबर वाढत जातं. माणूस या साखळीच्या टोकाला बसलेला आहे.

कॅनडातल्या क्युबेक प्रांताच्या उत्तर टोकाला नुनाविक आहे. १९८०च्या दशकात एरिक दवायी हे डॉक्टर दक्षिण क्युबेकमधल्या मातांचं दूध तपासत होते. तुलनेसाठी प्रदूषणापासून दूरच्या स्त्रियांचं दूध हवं, म्हणून त्यांनी नुनाविकच्या मूळ रहिवासी इन्युइट आयांचं घेतलं. त्यात पीसीबी ही औद्योगिक रसायनं दक्षिणेपेक्षा सुमारे पाचपट निघाली. ज्यांनी एकही कारखाना काढला नाही, पिकावर कधी फवारा मारला नाही, त्यांच्या दुधात! मला ही गोष्ट लिहिताना हात थांबवावा लागतो. सील आणि देवमासा हे तिथलं वाडवडिलांपासूनचं अन्न. ते सोडा म्हणावं तर विमानाने येणारं महागडं, निकस डबाबंद खाणं उरतं. आणि बाळाला पाजू नका, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

या रसायनांवर जागतिक करार करण्यासाठी १९९९च्या जानेवारीत नैरोबीत वाटाघाटी चालल्या होत्या. तिथे नुनाविकच्याच इन्युइट नेत्या शीला वॉट-क्लूटिए यांनी दगडात कोरलेली आई-मुलाची इन्युइट मूर्ती भेट दिली. पुढच्या बैठकांत ती अध्यक्षांच्या टेबलावर असायची. परंतु मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यांचं तिथलं बोलणं. आर्क्टिकच्या आईला स्वतःच्या दुधाची धास्ती वाटावी हे त्यांना मान्य नव्हतं. आणि दक्षिणेतल्या आईला लेकराला आजारापासून वाचवायला हीच रसायनं वापरावी लागावीत, हेही मान्य नव्हतं. त्यांनी पर्याय शोधण्याची मागणी केली. ज्यांच्या अंगात विष आलं, त्यांनी आमच्या भिंतीवरच्या थरामागची भीती ओळखली. २००१ साली स्टॉकहोममध्ये करार झाला. सुरुवातीच्या बारा रसायनांत डीडीटी होतं, हिवतापासाठी सवलत ठेवून. भारताने २००६ साली तो स्वीकारला.

काम मात्र तिथे संपलेलं नाही. पश्चिम अंटार्क्टिक द्वीपकल्पावर तीसेक वर्षांनंतरही पेंग्विनमधलं डीडीटी कमी झालेलं नसल्याचं २००८ साली संशोधकांनी मांडलं. त्यांच्या मते, बहुधा हिमनद्या वितळताहेत आणि पूर्वी साठवलेलं परत देताहेत. ज्याच्या भिंतीवर तो थर होता, ते आमचं मातीचं घर मात्र केव्हाच पडलं.

आई आता ऐंशी ओलांडलेली. तिला मी नुनाविकची हकीकत सांगितली. बराच वेळ ती गप्प होती. मग तिने विचारलं, ‘त्या बायांनी पाजायचं थांबवलं का गं?’

नाही, म्हटलं. अंगावरच्या दुधाचा फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे, पाजत राहा, असंच त्यांना सांगितलं गेलं.

‘आणि फवारणाऱ्यांना कुणी सांगितलं का?’ तिने विचारलं.