रस्त्याकडेचं पाणी

महामार्गावर कुठे थांबायचं हे आता पेट्रोलपंप आणि फूडमॉल ठरवतात. पूर्वी ते बैलाच्या दमावर ठरे, आणि मुक्काम पडे तो पाणी बघून. म्हणून लांबच्या प्रवासात थांबण्याजोगी ठिकाणं शोधताना मी देखाव्यापेक्षा पाण्याचा माग काढतो.

कल्याणहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची पायवाट लागते. सोपारा-कल्याणची बंदरं आणि जुन्नर-पैठणच्या पेठा जोडणारी ही सातवाहनकाळातली वाट. वरच्या लेण्यात नागनिका राणीचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात अश्वमेधासारखे यज्ञ आहेत, दक्षिणेतल्या हजारो गाई आहेत, हत्ती-घोडे आणि कार्षापणं आहेत. बहुतेक लोक तेवढंच पाहून परततात. पण याच घाटात पाण्याच्या एका टाक्यावर छोटासा लेख आहे : सोपाऱ्याच्या गोविंददासाचं हे दान. बस, एवढंच. यज्ञांच्या त्या लांबलचक यादीपेक्षा मला हा लेख मोठा वाटतो. दक्षिणा घेणारे राजासमोर उभे असत. गोविंददासाचं पाणी कोण पिणार, हे मात्र त्याला कधीच कळणार नव्हतं.

पुण्याहून साताऱ्याला जाताना, सातारा यायच्या थोडं आधी लिंब गावाचा फाटा आहे. तिथली बारा मोटांची विहीर पाहायला अर्धा तास पुरत नाही. विरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६ म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधली; तिथल्या शिलालेखातच तसं कोरलेलं आहे. विहीर अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल. पायऱ्या उतरत कमानीखालून आत गेलं की उन्हाची तलखी एकदम मागे राहते आणि दगडाचा गारवा अंगाला लागतो. आत चक्क एक छोटा महाल आहे. त्याच्या खांबांवर गणपती, हनुमान, हत्तीवरचे आणि घोड्यावरचे स्वार कोरले आहेत. वर मोटांच्या जागा आहेत. बारा मोटा एकदम चालत, तेव्हा नाड्यांची करकर आणि थारोळ्यात कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज या महालात कसा घुमत असेल! हे पाणी वाटसरूंसाठी नव्हतं, आमराईसाठी होतं. तरी आंब्यांना पाणी पाजायच्या कामाला महाल बांधावासा वाटणं, यातच त्या काळाची पाण्याबद्दलची सारी अदब आली. ती पाहण्यासाठी वाट वाकडी करावी.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. मनात आलं म्हणून त्याच्या कडेला थांबता येत नाही, आणि त्या वेगात ते बरोबरच आहे. राष्ट्रीय महामार्गांवर दर ४० ते ६० किलोमीटरला सुविधा केंद्रं उभारण्याचंही धोरण आहे. त्या जागा निवडताना आसपासच्या जुन्या बारवांचा विचार का होऊ नये? त्यांतल्या कितीतरी आज गाळाने आणि प्लास्टिकच्या बाटल्यांनी भरल्या आहेत. गाळ काढणं आपल्या हातातलं काम आहे. कसारा घाटात अहिल्याबाईंच्या नावाने ओळखली जाणारी घुमटाची विहीर आहे. गाड्या तिच्याजवळून भरधाव जातात आणि आतल्या मुलांना ती घुमटी कसली, हे कुणी सांगत नाही. अशा प्रत्येक विहिरीपाशी गाडी सुरक्षित उभी करता यावी, आणि जिथे बांधणाऱ्याचं नाव ठाऊक आहे तिथे ते ठळक अक्षरांत लिहिलेलं असावं.