गाडीच्या पोटाखालची नोंद

भाचीने फोन माझ्यापुढे धरला. लाल रंगाची छोटी गाडी, पाऊस पडून गेल्यासारखी चकचकीत. कॉव्हेंट्रीत नर्स म्हणून रुजू होऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. ड्यूटी सकाळी सातची आणि रविवारी त्या वेळेला बस नाही. "मावशी, तेरा वर्षांची आहे, पण ठेवलीय बघ कशी! आणि बारा महिन्यांची एमओटी ताजी करून देतोय. अठराशे पौंडांत."

मी तिला म्हटलं, "फोटो राहू दे. नंबर प्लेट वाच."

2011 साली मीही अशीच एक गाडी घेतली होती. बारा महिन्यांची एमओटी म्हणजे वर्षभराची निश्चिंती, असं मी धरून चालले. पुढच्या वर्षी तपासनीसाने गाडी नापास केली. दाराच्या उंबरठ्याखालचा पत्रा, ज्याला इथे सिल म्हणतात, आतून कुजला होता. त्याने बोटाने दाबून दाखवलं तेव्हा बिस्किटासारखा तुकडा खाली पडला. वेल्डिंगला सहाशे पौंड गेले. जुन्या नोंदी मी त्यानंतर काढल्या. मी घेण्याआधी सलग तीन वर्षं त्या सिलच्या गंजाबद्दल तिथे लिहिलेलं होतं. फुकट वाचता आलं असतं. पैशांपेक्षा त्या गाडीत रोज मागच्या सीटवर मुलं बसत होती, हे मला जास्त लागलं.

इंग्लंडात गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ही तपासणी करावी लागते. 1960 मध्ये, अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना, ती सुरू झाली तेव्हा फक्त दहा वर्षांपुढच्या गाड्यांना लागू होती आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढंच बघत. 1967 मध्ये ती तीन वर्षांवर आली. ज्या मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टची ही आद्याक्षरं, त्या नावाचं खातं आज उरलेलं नाही, पण एमओटी हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी आहे. 2005 पासूनच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. गाडीचा नंबर टाकायचा, बस्स. मालकाचं नाव दिसत नाही. तारीख, पास की नापास, त्या दिवशीचे मैल आणि तपासनीसाने लिहिलेले दोष दिसतात.

यातली खरी वाचायची गोष्ट म्हणजे ॲडव्हायझरी. गाडी पास झाली आहे, पण इथे लक्ष ठेवा, अशी सूचना. टायर झिजत आलेत, वायपर फाटलाय, असल्या सूचनांनी मी घाबरत नाही. त्या वस्तू झिजण्यासाठीच असतात. गंजाचा शब्द आला की मात्र थांबते. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून खडे मीठ टाकतात, चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून निघतं तसलं. ते चाकांनी उडून गाडीच्या पोटाला चिकटतं. कोकणात समुद्राकाठच्या घराचं ग्रील ज्यांनी दर दोन वर्षांनी रंगवलंय, त्यांना मीठ लोखंडाचं काय करतं ते सांगायला नको.

लाल गाडीच्या नोंदी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर खालून वर वाचत गेलो. 2019: मागचा ब्रेक पाइप गंजलेला, नियरसाइड, म्हणजे फुटपाथकडची बाजू. 2020 ची नोंद नव्हती. भाची लगेच म्हणाली, "बघ, चुकवली." तसं नव्हतं. त्या वर्षी कोविडमुळे सरकारनेच सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती. 2021: तोच पाइप, आता दोन्ही बाजूंचा. 2022: पाइप गंजलेला आणि ग्रीसने झाकलेला. आणि गेल्या आठवड्यातल्या ताज्या तपासणीत पाइपबद्दल चकार शब्द नाही.

एक तर पाइप बदलले असतील किंवा या वेळच्या तपासनीसाला ते दिसले नसतील. भाचीने विकणाऱ्याला फोन लावून विचारलं, "पाइप बदलल्याची पावती आहे का?" तो म्हणाला, "पास झालीय ना, मग?" तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मला काही बोलावं लागलं नाही.

पास झाली म्हणजे त्या दिवशी, त्या तासाला पास झाली. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची अवस्था या तपासणीत येतच नाही. म्हणून मी नोंदींत गाडीपेक्षा माणूस शोधते: त्याला सांगितल्यावर त्याने काय केलं?

चार दिवसांनी एक करडी गाडी सापडली. हिच्यावर 2018 मध्ये चक्क नापासचा शिक्का होता, पुढची स्प्रिंग तुटलेली. भाचीचा चेहरा पडला. मी तिला त्याच्या वरची नोंद दाखवली: दुसऱ्याच दिवशी पास. मला तर अशी नापास झालेली गाडी आवडते, कारण कुणीतरी तिला उचलून खाली बघितलंय आणि कुणीतरी खर्च केलाय. 2021 ला टायर लिहिले होते, 2022 ला ती ओळ गेली होती. 2022 ला ब्रेक पॅड, 2023 ला तेही गेले. मैल दरवर्षी चार हजारांच्या आसपास वाढत गेलेले, कुठे मागे आलेले नाहीत. तरीही आम्ही गाडीखाली टॉर्च मारून सिल दाबून बघितली आणि एका मेकॅनिकला पैसे देऊन क्लच बघायला लावला.

पुण्यात माझ्या भावाने सेकंड हँड गाडी घेतली तेव्हा मला ही सोय फार आठवली. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि त्यानंतर पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना तपासणी होते. मधल्या काळात पीयूसी होते, पण ती धूर मोजते. ब्रेकचा पाइप कुणी बघत नाही. भावाने ओळखीच्या गॅरेजवाल्याला सोबत नेलं. त्याची नजर चांगली होती, पण ती त्या एका सकाळची. आधीच्या दहा वर्षांत त्या गाडीबद्दल कुणी काय सांगितलं आणि मालकाने ते ऐकलं की नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. दरवर्षी रांगा लावून वर चिरीमिरी द्यायची का, असं भाऊ विचारतो. त्याची भीती मला खोटी वाटत नाही. तरी ती नोंद आपल्याकडेही असावी, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या महिन्यात करड्या गाडीची भाचीकडची पहिली एमओटी झाली. संध्याकाळी तिचा फोन आला. "पास झाली गं मावशी. पण मागचा पाइप गंजायला लागलाय असं लिहिलंय. गुरुवारी नाइट संपली की परस्पर गॅरेजलाच टाकते."